चौकट

ऑफिसातून कागद आला:
प्रत्येक मुलाचं नाव लिहा,
पुढे लिहा त्याला काय येतं,
शुक्रवारी फोटो पाठवा.

मार्केट यार्डामागची आमची बालवाडी.
खोली एक, पोरं एकोणीस.
भिंतींना ओल, म्हणून तक्ता दारावर लावला.

अलफियाचा हात सगळ्यांत आधी वर.
तिला डोळे मिटून रिक्षा ओळखता येते.
गल्लीत दहा शिरल्या तरी
अब्बूची कुठली ते इंजिनच सांगतं तिला.
दक्षची जीभ नाकाच्या शेंड्याला लागते.
"हे काय येणं झालं का?" कार्तिकी म्हणाली.
तिला भावाला झोपवता येतं, तिचा तोरा वेगळा.
मी म्हटलं, झालं की. मला कुठं जमतंय?
मग अख्ख्या खोलीने जिभा बाहेर काढल्या
आणि सकाळ तिथंच संपली.

मल्लिनाथची चौकट कोरी राहिली.
पोरं मदतीला धावली:
त्याला गाणं येत नाही, ताई.
त्याचा ग उलटा असतो.
तो पळताना पडतो.
काय येत नाही ते सगळ्यांना तोंडपाठ.
हे त्यांना कोणी शिकवलं, मला विचारू नका.

गुरुवारी मी पेन्सिलीने लिहून टाकलं:
छान हसतो.
तो दाराशी आला, अक्षरांवर बोट ठेवलं.
"काय लिवलंय?"
सांगितलं.
"मी कुठं हसतो?"
रागाने नाही म्हणाला.
दुसऱ्याचा डबा चुकून हातात आला
की परत देतात, तसं.
मी खोडरबर शोधला.

बालवाडी एकला सुटते.
त्याची आई शरणम्मा गाळ्यावर कांदे निवडते,
अडत्याने सोडलं की येते,
कधी दोनला, कधी पार तीनला.
तोवर पायरीवर तो, आणि कुलूप हातात घेऊन मी.
मी घड्याळ बघते. मोबाइल बघते. कोपरा बघते.
उठते, बसते, पर्स उघडते, बंद करते.
माझी स्वारगेटची बस गेलेली असते.

त्या दिवशी तो बराच वेळ
माझ्याकडेच बघत होता.
मग हळूच, मला वाईट वाटू नये अशा बेताने,
"ताई, तुमाला थांबता येत नाय ना?"

नाही रे.

"मला येतं."

सरकून त्याने मला पायरीवर जागा केली.
"आधी आई कुठं पोचली ते बघायचं.
आता गोणी शिवती.
आता पैसे मोजती, दोनदा मोजती.
आता नळावर हात धुती, पण वास जात नाय.
आता मोठा रस्ता. तिथं ट्रक असत्यात,
तिथं तिला घाई नाय करायची.
मग थोडं इसरायचं.
इसरलं की ती येती."

आणि मुंग्यांची रांग पायरी चढून
दाराखाली शिरेपर्यंत
आम्ही विसरत बसलो.
कांद्याचा वास आधी आला, शरणम्मा नंतर.

शुक्रवारी चौकटीत शाईने लिहिलं.
वाचून दाखवल्यावर दक्ष म्हणाला,
त्यात काय, मी पण थांबतो.
गप्प बसला. अकरा आकडे मोजले, उठला.
अलफिया तेवीसपर्यंत गेली,
कार्तिकीला मध्येच भाऊ आठवला.
मल्लिनाथ कोणालाच हसला नाही.
नुसतं म्हणाला, "आकडे नाय मोजायचे."

फोटो पाठवला. ऑफिसातून उत्तर आलं:
हे कौशल्यांच्या यादीत बसत नाही, बदला.

नाही बदललं.

आता बसथांब्यावर उभी आहे.
बस कात्रजहून निघाली असेल.
आता धनकवडीला वळली,
एक म्हातारा पायरी चढतोय,
त्याला घाई नाही करायची.
मग थोडं विसरायचं.

इथवर येतं मला.
विसरणं अजून येत नाही.
उद्या त्याला विचारेन.